जंगलात जागा आखणारा माणूस : भूदृश्य रचनाकाराच्या कामाची ओळख



दहावी-बारावीच्या मुलांना "पुढे काय करणार?" असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, सी.ए., आणि आता कॉम्प्युटर. या सर्व व्यवसायांबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु याखेरीजही अनेक कामे जगात आहेत आणि त्यांची नावेसुद्धा आपल्या मुलांच्या कानावर पडत नाहीत. त्यांपैकी एका कामाची ओळख या लेखात करून देत आहोत. ते काम म्हणजे सरकारी जंगलात लोकांना जाता यावे, बसता यावे, पाहता यावे, आणि तरीही जंगल जंगलच राहावे, अशा रीतीने जागेची आखणी करणे. हे करणाऱ्याला लँडस्केप आर्किटेक्ट म्हणतात. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे या विद्येचे नाव आम्हांला प्रथम 'भूदृश्य वास्तुकला' असे भेटले. मराठीत आपण त्या माणसाला भूदृश्य रचनाकार म्हणू.

हा विषय निवडण्याची कारणे दोन. आपल्या बेळगावपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर खानापूर तालुक्याचे घनदाट जंगल आहे. निपाणीकडच्या मुलांना आजरा, राधानगरी, दाजीपूर जवळ आहे. म्हणजे हा विषय आपल्या अंगणातला आहे. दुसरे कारण सहलीचे. दरवर्षी पावसाळा सुरू झाला की मुले धबधब्याची सहल मागतात, पालक काळजी करतात आणि शाळेला निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय कोणत्या विचाराने घ्यावा, हेही या लेखाच्या निमित्ताने सर्वांसमोर ठेवायचे आहे.

हे काम नेमके काय?

भूदृश्य रचनाकार म्हणजे बाग लावणारा, हिरवळ आणि कारंजी करणारा, असा सर्वसाधारण समज आहे. बाग हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. मूळ काम आहे जमीन वाचण्याचे. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, माती कोणती, उतार किती, झाडांची मुळे कुठवर पसरली आहेत, जनावरे कोणत्या वाटेने पाण्यावर येतात, हे सर्व पाहून मग माणसाची वाट, बसण्याची जागा, वाहनतळ, शौचालय आणि पाट्या कुठे असाव्यात हे तो ठरवतो. आणि यापैकी काहीच कुठे असू नये, हेही तोच ठरवतो. आमच्या मते त्याच्या कामातील हा दुसरा भाग अधिक कठीण आहे.

या व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेतील फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांचे नाव घेतले जाते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह १८५८ मध्ये केला. पुढे १८६५ मध्ये योसेमिटी दरीबद्दल अहवाल लिहिताना त्यांनी दोन गोष्टी एकत्र मांडल्या. अशी स्थळे श्रीमंतांपुरती न राहता सर्व जनतेला खुली असावीत, आणि येणाऱ्यांच्या सोयीसाठी त्या स्थळाचे मूळ रूप मात्र बिघडू नये. आजही या व्यवसायातला सगळा झगडा या दोन वाक्यांमध्येच आहे.

तळ्याकाठची घरे, जी बांधली गेली नाहीत

सन १९१९. अमेरिकेच्या वनखात्याने प्रथमच एका भूदृश्य रचनाकाराला पूर्ण वेळ नोकरीवर घेतले. त्यांचे नाव आर्थर कारहार्ट. वय तिशीच्या आत. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना कोलोरॅडो राज्यातील ट्रॅपर्स लेक या तळ्यावर पाठवण्यात आले. काम सोपे होते. तळ्याभोवती रस्ता आखायचा आणि लोकांना उन्हाळी घरे बांधण्यासाठी भूखंड पाडायचे.

कारहार्ट यांनी मोजणी केली. पण परत आल्यावर वरिष्ठांना सांगितले की, येथे रस्ता आणि घरे नकोत. तळे पाहण्याचा आनंद सर्वांचा आहे, काठावर घरे झाली तर तो मोजक्या कुटुंबांचा होईल. वरिष्ठांनी हे म्हणणे ऐकून घेतले आणि रस्त्याचा व घरांचा बेत बाजूला ठेवण्यात आला. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेने अस्पर्श रानाच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, तेव्हा त्या विचाराच्या मुळाशी असलेल्यांमध्ये कारहार्ट यांचीही गणना झाली.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कारहार्ट यांनी काम नाकारले नाही. ते तळ्यावर गेले, मोजमाप केले आणि मग आपले मत दिले. अभ्यास करून दिलेल्या नकाराला वजन असते.

झाड मरते कसे?

दुसरे उदाहरण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी. मोटारी स्वस्त झाल्यावर अमेरिकेत लोक कुटुंबासह जंगलात मुक्कामाला येऊ लागले. काही वर्षांत मुक्कामाच्या जागेवरची मोठमोठी झाडे सुकू लागली. कुणी कुऱ्हाड लावली नव्हती. ई. पी. माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी याचा अभ्यास केला आणि १९३२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. रोग बुरशीचा नव्हता, पायांचा आणि चाकांचा होता.

माती भुसभुशीत असते तेव्हा तिच्या कणांमध्ये हवा आणि पाणी राहते. झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात. माणसे आणि गाड्या सतत फिरल्या की माती दाबली जाते, पावसाचे पाणी आत न मुरता वरून वाहून जाते, मुळांचा श्वास कोंडतो. झाड लगेच पडत नाही. चार-सहा वर्षे कुढते आणि मग जाते. नवे रोप तर उगवतच नाही, कारण उगवताच ते पायाखाली येते.

माइनेके यांनी उपाय सुचवला तो आखणीचा. गाडीसाठी एकेरी वळसा रस्ता, त्याला तिरक्या फुटणाऱ्या छोट्या थांबण्याच्या जागा, आणि गाडी पुढे जाऊ नये म्हणून मोठे दगड किंवा ओंडके. चूल, टेबल आणि तंबू यांच्या जागा पक्क्या ठरवून दिलेल्या. म्हणजे काही जमीन पूर्ण वापरात द्यायची, आणि तिच्या बदल्यात बाकीची जमीन पूर्ण वाचवायची. आज जगभर जंगलातील मुक्कामाच्या जागा साधारण याच पद्धतीने आखतात.

आपल्याकडे हे पाहायचे असेल तर कोणत्याही जत्रेच्या माळावरच्या जुन्या वडाखाली जाऊन पाहावे. बुंध्याभोवतीची माती सिमेंटसारखी कडक झालेली असते. तिथे तांब्याभर पाणी ओतावे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते मोजावे. मग जवळच्या शेताच्या बांधावर तेवढेच पाणी ओतावे. फरक डोळ्यांना दिसेल.

आपल्या आसपासची उदाहरणे

खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादई नदी याच परिसरात उगम पावते, आणि जवळच कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. एक नदी पश्चिमेला गोव्यात जाते, दुसरी पूर्वेला कृष्णेकडे. पलीकडे गोव्याच्या हद्दीत १९९९ मध्ये घोषित झालेले म्हादई अभयारण्य आहे. आपण सीमाभागातले लोक हद्दीच्या दगडांबद्दल फार बोलतो. पण गव्याला किंवा पावसाच्या पाण्याला हद्द ठाऊक नसते. म्हणून अशा ठिकाणी आखणी करणाऱ्याला दोन्ही बाजूंचा नकाशा एकत्र ठेवून पाहावा लागतो.

भीमगडच्या परिसरात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तेथे राहणाऱ्या एका वटवाघळाची शास्त्रीय नोंद १९१३ मध्ये झाली. ते रॉटनचे वटवाघूळ म्हणून ओळखले जाते. कित्येक दशके जगात फक्त याच एका ठिकाणी ते माहीत होते. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते आढळले. आता विचार करा. एवढी दुर्मिळ गोष्ट आपल्या तालुक्यात आहे म्हटल्यावर कुणालाही वाटेल की गुहेपर्यंत रस्ता करावा, दिवे लावावेत, तिकीट ठेवावे. परंतु वटवाघळे उजेड, आवाज आणि गर्दी यांनी विचलित होतात आणि जागा सोडून जाऊ शकतात. तेव्हा गुहेची माहिती देणारे एक चांगले दालन लांब, गावाजवळ करावे आणि गुहेकडे वाट करू नये, हीच येथील योग्य रचना ठरेल.

दुसरे उदाहरण हिरण्यकेशीचे. संकेश्वरवरून वाहणारी ही नदी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते. तेथे महादेवाचे मंदिर आणि कुंड आहे. त्या पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. आंबोलीत वर्षाला सुमारे ७ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते. भाविकाने कुंडावर यायचे आहे आणि माशाने जगायचेही आहे. येथे साबण, निर्माल्य आणि प्लॅस्टिक पाण्यापासून दूर ठेवणारी जागा आखणे, हे सुंदर कमान बांधण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. ते पाणी पुढे आपल्याच जिल्ह्यात येते, हे विसरून चालणार नाही.

तिसरे उदाहरण साताऱ्याच्या कास पठाराचे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा यादीत आली, त्यांत कासही आहे आणि आपल्याला जवळचे राधानगरीही. कासला फुलांच्या हंगामात गर्दी इतकी झाली की फुले तुडवली जाऊ लागली. मग दिवसाला ३ हजार पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क असे उपाय झाले. आसपासच्या गावांच्या वन समित्या व्यवस्था पाहू लागल्या. फुलांभोवती जाळीचे कुंपणही घालण्यात आले. पण कुंपणामुळे गुरांचे चरणे थांबले, इतर गवत वाढले आणि फुले कमी झाली, अशी तक्रार होऊ लागली. शेवटी कुंपण हटवण्यापर्यंत गोष्ट आली. यातून धडा असा की, संरक्षणासाठी केलेली गोष्टही आधी नीट अभ्यासावी लागते. गुरे चरणे हा त्या पठाराच्या जीवनाचा भाग होता.

चौथे उदाहरण मुंबईच्या बोरिवलीचे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. परंतु सर्वसामान्य पर्यटकांची बहुतेक वर्दळ प्रवेशद्वाराजवळच्या छोट्या भागातच राहील अशी तेथील रचना आहे. बागडायला, सायकल चालवायला, डबा खायला तो भाग. आतले जंगल बिबट्यांचे. याला विभागवार आखणी म्हणतात. गर्दी सगळीकडे पातळ पसरू देण्यापेक्षा एका जागी सांभाळावी, हे तत्त्व माइनेके यांच्या तत्त्वाशी जुळते.

आणि हे सर्व शास्त्र परदेशातूनच आले असे समजण्याचे कारण नाही. खानापूर, चंदगड, आजरा भागात जुन्या देवराया आहेत. राईत जाणारी वाट एक. फांदी तोडायची नाही. ठरलेल्या दिवशी सर्व गाव जमायचे आणि बाकी वर्षभर राई शांत ठेवायची. वाट, मर्यादा आणि काळ या तिन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी देवाच्या नावाने पाळल्या.

नकाशा वाचू या

आता थोडे प्रत्यक्ष काम. भूगोलात तुम्ही समोच्च रेषा शिकता. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचे अंतर २० मीटर असते. समजा नकाशावर दोन रेषांमध्ये ४ मिलिमीटर अंतर आहे. म्हणजे जमिनीवर २०० मीटर. २०० मीटर चालल्यावर २० मीटर चढ, म्हणजे उतार १० टक्के. रेषा जेवढ्या जवळ, तेवढा चढ उभा.

वाट आखताना एक साधा नियम वापरतात. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगराचा उतार २० टक्के असेल तर वाटेचा चढ १० टक्क्यांच्या आत. कारण काय? वाट सरळ उताराने खाली उतरली तर पावसाचे पाणी तीच वाट धरते. आपल्या लाल मातीत पहिल्या वर्षी चर पडतो, तिसऱ्या वर्षी ओहोळ होतो. मग चिखल चुकवण्यासाठी लोक कडेने चालतात आणि वाट रुंद होत जाते. वाट उताराला आडवी नेली आणि बाहेरच्या बाजूला किंचित झुकती ठेवली की पाणी वाटेवरून पलीकडे निघून जाते. जिथे चढ टाळता येत नाही तिथे जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि पाणी बाजूला काढणारे आडवे दगड बसवतात. हे काम आपल्या भागातल्या गवंड्यांना उत्तम जमते.

शौचालयाची जागा हाही असाच विषय. झरा किंवा ओढा यापासून निदान ६० मीटर दूर, आणि उगमाच्या वरच्या अंगाला कधीच नाही. जंगलात वास्तू सुंदर हवी यावर पुष्कळ बोलले जाते. पण मुलींना आणि वृद्धांना स्वच्छ शौचालय मिळते की नाही, यावर ती जागा खरोखर सर्वांसाठी आहे का, हे ठरते. तसेच व्हीलचेअरने जाणाऱ्यासाठी १२ मीटर लांबीत १ मीटरपेक्षा जास्त न चढणारा मार्ग निदान एका निरीक्षण-स्थळापर्यंत असावा.

किती माणसे सोडावीत? एक गणित

एखाद्या वाटेवर दिवसाला किती माणसे सोडावीत, याला वहनक्षमता म्हणतात. खालील आकडे आम्ही केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.

वाटेची लांबी २,००० मीटर. दहा-दहा जणांचे गट. दोन गटांत २०० मीटर अंतर. म्हणजे एका वेळी वाटेवर १० गट, १०० माणसे. वाट ८ तास खुली, आणि ती चालायला २ तास लागतात. म्हणजे दिवसात ४ फेऱ्या. एकूण ४०० माणसे. ही झाली जागेपुरती क्षमता.

आता वजाबाकी. सकाळ-संध्याकाळ जनावरे पाण्यावर येतात म्हणून ८ पैकी २ तास बंद. उरले ४०० चे तीन चतुर्थांश, म्हणजे ३००. वाटेचा ४० टक्के भाग धूप होणारा आहे, म्हणून त्या प्रमाणात कपात केली. उरले ३०० चे ६० टक्के, म्हणजे १८०. शेवटी, गटाबरोबर जायला जेवढे वाटाडे हवेत त्यांच्या निम्मेच उपलब्ध आहेत. उरले ९०.

चारशेवरून नव्वद! फाटकावर उभ्या असलेल्या एक्क्याण्णवाव्या माणसाला हे पटत नाही. जागा रिकामी दिसते ना, मग का सोडत नाही, असे तो म्हणतो. ती रिकामी दिसणारी जागा म्हणजेच जंगल, हे त्याला समजावणे हे शिक्षणाचे काम आहे, आणि ते शाळेतच सुरू व्हायला हवे.

धबधबा आणि जिवाची किंमत

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी चंदगड तालुक्यातील किटवाड धबधब्यावर सहलीला गेलेल्या बेळगावच्या चार तरुण मुलींचा बुडून मृत्यू झाला. तो दिवस बेळगावकर विसरलेले नाहीत. येथे कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. महिना नोव्हेंबर होता, भर पावसाळा नव्हता, एवढेच सर्वांनी लक्षात ठेवावे.

धबधब्याची जागा आखताना रचनाकार पुढील गोष्टी पाहतो. पाहण्याची जागा समोर आणि लांब असावी. धबधब्याच्या माथ्याकडे वाटच नेऊ नये, कारण वाट दिसली की माणूस जातो. शेवाळलेला खडक कोरडा दिसला तरी निसरडा असतो. वर डोंगरात पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढते. कठडा लावला म्हणजे धोका संपला असे नाही. कठड्यापर्यंत येणारी गर्दी आणि फोटोसाठी त्यावर चढणारी मुले यांचाही विचार करावा लागतो. जवळ दोर आणि तरंगणारे कडे असावे. आणि पाटी अशी असावी की ती अक्षर न वाचताही कळेल. आपल्या भागात पाटी कुठे कन्नडमध्ये असते, कुठे मराठीत. धोक्याच्या जागी चित्र सर्वांना समजते. तरीही आमचा विद्यार्थ्यांना आग्रह आहे की कन्नड लिपी नीट वाचायला शिका. परीक्षेपुरती नव्हे, जंगलातली पाटी वाचता यावी म्हणून.

कायदा आणि गावकरी

जंगलात काय करता येते हे रचनाकाराच्या इच्छेवर नसते. १९२७ चा भारतीय वन कायदा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९८० चा वन संवर्धन कायदा हे तीन मुख्य आधार. शेवटच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि शासकीय व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयींना वनेतर काम समजू नये, अशी सवलत देण्यात आली. यावर मतभेद झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, वनजमिनीवर प्राणिसंग्रहालय किंवा सफारी करायची असल्यास न्यायालयाची अंतिम मान्यता घ्यावी असे सांगितले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये वनक्षेत्रातील निसर्ग पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत. त्यांत स्थानिकांचा सहभाग आणि वहनक्षमता यांवर भर आहे.

स्थानिकांचा मुद्दा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. खानापूरच्या जंगलातील वाड्या-वस्त्यांवर मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांची मुले पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत जातात. शहरातून आलेल्या पाहुण्याला पूल हवा तो फोटोसाठी, गावच्या मुलाला हवा तो शाळेसाठी. आखणी करणाऱ्याने पहिला पूल कुठे बांधावा, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे. वाटाड्या, जेवण आणि मुक्काम यांचे उत्पन्न गावात राहिले तर गावच जंगलाचा राखणदार होते. ते बाहेर गेले तर गावाला फक्त कचरा राहतो.

शिक्षण कोठे?

ज्यांना या कामाची आवड वाटेल त्यांच्यासाठी मार्ग असा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितासह विज्ञान, त्यानंतर नाटा ही प्रवेश परीक्षा आणि ५ वर्षांची वास्तुकलेची पदवी. बेळगावातच मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ही पदवी मिळते. त्यानंतर २ वर्षांचे भूदृश्य वास्तुकलेचे पदव्युत्तर शिक्षण. ते दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, अहमदाबादच्या सेप्टमध्ये आणि मुलींसाठी पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात आहे. अहमदाबादचे प्रभाकर भागवत हे देशातील या क्षेत्राच्या पहिल्या पिढीतले नाव. ज्यांचा ओढा वनस्पतींकडे आहे त्यांनी शिरसी किंवा दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयांचा विचार करावा.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेच्या वनखात्यात या माणसासाठी कायम पद असते. आपल्याकडे तो बहुधा सल्लागार म्हणून काम करतो. शहरातील उद्याने, संस्थांची आवारे, नदीकाठ अशी इतर कामे करता करता जंगलाचे काम मिळते. म्हणजे पगाराची निश्चिती कमी, आवड हवी जास्त. चित्र काढणारा हात, गणिताची भीती नसलेले डोके आणि दिवसभर उन्हात चालणारे पाय, ही तीन लक्षणे मुलात दिसत असतील तर त्याला अडवू नये.

आपल्या शाळेपुरते

विश्वस्त मंडळापुढे आणि पालकांपुढे सहलीबाबत पुढील विचार ठेवत आहोत.

१. जून ते नोव्हेंबर या काळात धबधबा, धरण वा नदीकाठची सहल नसावी. जंगलाची सहल डिसेंबर ते फेब्रुवारीत, वनखात्याच्या लेखी परवानगीने आणि स्थानिक वाटाड्यासह असावी.

२. सहलीपूर्वी दोन शिक्षकांनी जागा प्रत्यक्ष पाहून यावी. वाट, पाणी, शौचालय, जवळचा दवाखाना आणि मोबाईलला रेंज कुठवर मिळते, याची लेखी नोंद करावी.

३. दहा मुलांमागे एक मोठे माणूस. दोन बसगाड्या भरून एकाच दिवशी नेण्याऐवजी वर्गवार छोट्या सहली.

तिसऱ्या मुद्द्याने खर्च वाढेल, हे आम्ही जाणतो. मुलांना मित्रांपासून वेगळे जावे लागेल, म्हणून तीही नाराज होतील. परंतु वरचे गणित जंगलाला लागू असेल तर ते शाळेलाही लागू आहे. आपल्याजवळ सांभाळणारे हात किती, यावरच नेण्याच्या मुलांची संख्या ठरली पाहिजे. जादा खर्चाचा भार गरजू विद्यार्थ्यांवर पडू नये यासाठी सहल निधीचा प्रस्ताव मंडळाच्या पुढील सभेत मांडण्यात येईल. पालकांनी आपले मत लेखी कळवावे ही विनंती.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. शाळेच्या मैदानावर मुले कुठून कुठे चालतात ते आठवडाभर पाहा. आखलेली वाट सोडून मुलांनी स्वतः पाडलेल्या वाटा नकाशावर दाखवा. त्या का पडल्या असतील?

२. मैदानावरील एका झाडाभोवतीची माती आणि कुंपणाजवळची माती यांत पाणी मुरण्याचा वेळ मोजा व तक्ता करा.

३. आपल्या गावच्या राईबद्दल किंवा जुन्या पाणवठ्याबद्दल आजी-आजोबांना विचारा. तिथे कोणते नियम पाळत असत? आज कोणते पाळतात?

४. वरील वहनक्षमतेच्या उदाहरणात वाटाडे पूर्ण संख्येने मिळाले, पण वाट फक्त ४ तास खुली ठेवली, आणि जनावरांसाठी वेगळी वेळ राखावी लागली नाही, तर दिवसाला किती माणसे सोडता येतील? (धूप होणारा भाग तेवढाच धरावा.)

५. धोक्याची एक पाटी अशी काढा की मराठी, कन्नड, हिंदी यांपैकी एकही लिपी न येणाऱ्या लहान मुलाला ती समजेल.

उत्तरे आणि चित्रे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. निवडक पाट्या सूचना फलकावर लावण्यात येतील, आणि सहलीची जागा पाहायला जाणारे शिक्षक त्या सोबत नेतील.